वहीतली वाइन चव्हाट्यावर आणावी का?

वाचकाचं पत्र:

मी बरीच वर्षं वाइन पिताना वहीत नोंदी करत आले आहे. आमचा आठ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा जमतो, बाटल्यांना कागद गुंडाळतो, चाखतो आणि मनसोक्त भांडतो. पण आठांतले दोघं सोडले तर कुणी ऑनलाइन एक ओळ लिहीत नाही. का, असं विचारलं की हसण्यावारी नेतात. मध्यंतरी मी धीर करून एका बार्बेराची (इटालियन रेड वाइन) टेस्टिंग नोट, म्हणजे चवीची नोंद, टाकली आणि शंभरांपैकी ८५ गुण दिले. दुसऱ्या दिवशी खाली एका अनोळखी गृहस्थांचा शेरा: ‘सगळ्यांनी ९२ दिलेत. जीभ तपासून घ्या.’ मी नोंद काढून टाकली. माझा भाचा म्हणतो, न लिहिणारे सगळे आपमतलबी. दुसऱ्यांच्या नोंदी वाचून स्वतःच्या बाटल्या उघडतात आणि परत काही देत नाहीत. गटातले ज्येष्ठ म्हणतात, लिहिणारे सगळे मिरवणारे. खरं कोणाचं? मी लिहावं की आपली वहीच बरी?

ता. क. : माझ्याकडे जुन्या वह्यांचा गठ्ठा आहे. तो सगळा टंकून ऑनलाइन चढवावा असा भाच्याचा हट्ट आहे.

— वहीवाली

प्रिय वहीवाली,

तुमचा भाचा आणि तुमचे ज्येष्ठ, दोघंही माणसांच्या स्वभावाला नावं ठेवतायत. मला वाटतं, गोम स्वभावात कमी आणि नोंदीत जास्त आहे. स्वतःसाठी लिहिलेली नोंद वेगळी, दुसऱ्यासाठी लिहिलेली वेगळी. पहिलीची दुसरी करायची तर मेहनत पडते, आणि त्या मेहनतीत कधी कधी पहिलीतलं काही हरवतंही. बहुतेक लोक गप्प बसतात ते यामुळे, कंजूषपणामुळे नव्हे.

आधी भाच्याचा हिशेब मिटवू. वेबसाइटवर माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता: शंभरांतले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून काहीतरी लिहितात आणि बराचसा मजकूर उरलेल्या एकट्याकडून येतो. हा ठोकताळा वाइनपुरता नाही, सगळ्याच विषयांना कमीअधिक लागू पडतो. त्या मापाने आठांत दोन लिहिणारे असलेला तुमचा गट दानशूरच म्हणायचा. न लिहिणं ही रीत आहे आणि लिहिणं हा अपवाद. मग जाब विचारायचाच तर तो अपवादाला विचारावा: ते दोघं का लिहितात? पुढच्या बैठकीत विचारून बघा. उत्तरं बहुधा गमतीची मिळतील.

आता तुमची वही. ती मी पाहिलेली नाही, पण त्यात ‘मागच्यापेक्षा बरी. तोच ओल्या दगडाचा वास. घाई केली’ अशा नोंदी असणार, याबद्दल पैज लावायला तयार आहे. तुम्हाला यातून सगळं कळतं. मागची कोणती, ओला दगड म्हणजे कुठला वास, घाई कसली, हे तुमच्या डोक्यात आहे. वही फक्त खूण करते. परक्याला मात्र ती डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी वाटेल: आहे काहीतरी महत्त्वाचं, पण वाचता येत नाही. क्रिस्टीज या लिलावगृहात १९६६ साली वाइनचा विभाग उभा करणारे मायकेल ब्रॉडबेंट १९५२पासून छोट्या वह्यांत नोंदी करत होते. २०२०मध्ये ते वारले तोवर त्या वह्यांची संख्या शंभराच्या वर गेली होती. त्यांतून त्यांनी पुस्तकं केली, पण नोंदी निवडून, वाचणाऱ्याला लागेल तेवढं जोडून. वहीतून छापील पानापर्यंतचं ते अंतर कापायला त्यांच्याकडे पेशा होता, वेळ होता, वाचकवर्ग होता. तुमच्या गटातल्या माणसाकडे रात्री ग्लास विसळल्यावर उरलेली पंधरा मिनिटं असतात.

नोंद न करण्याच्या बाजूने एक जरा विचित्र पुरावाही आहे. मेल्चर आणि स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९९६ सालचा प्रयोग. त्यांनी तीन प्रकारची माणसं घेतली: वाइन न पिणारी, नेहमी पिणारी पण शिक्षण न घेतलेली, आणि प्रशिक्षित तज्ज्ञ. प्रत्येकाला एक रेड वाइन चाखायला दिली. काहींना तिचं वर्णन लिहायला लावलं, काहींना शब्दकोड्यासारख्या दुसऱ्याच कामाला लावलं. मग चार वाइन समोर ठेवून विचारलं, मघाची कुठली? वर्णन केल्याने न पिणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. तज्ज्ञांचंही नाही. मधल्या गटाचं बिघडलं. जिभेला फरक कळतो पण शब्द तितके तयार नाहीत, अशा माणसांनी वर्णन लिहिलं आणि त्या शब्दांनीच त्यांची आठवण झाकोळली. वाइनवेडे म्हणवणारे आपण बहुतेक सगळे याच मधल्या गटातले. तुमच्यातलं कुणी ‘लिहायला बसलं की चव निसटते’ असं म्हणालं असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी हे लक्षात घ्या.

यावर नोंदच करू नका असं मी म्हणणार नाही. त्याच प्रयोगातून उलट वाटही दिसते: ज्यांचे शब्द जिभेच्या बरोबरीने वाढले होते, त्यांचं नुकसान झालं नाही. शब्द वाढवण्याचा उपाय म्हणजे वास घेता घेता नाव देणं, तेही थोडक्यात. रात्री उशिरा, वाचकांना आवडेल अशी वाक्यं जुळवत बसणं हा तो उपाय नव्हे.

तुमचं वर्णन परक्याला उमगतं का, हा पुढचा प्रश्न. अॅड्रियन लेहरर या अमेरिकी भाषातज्ज्ञ बाईंनी याचीच परीक्षा घेतली होती. एकाने वाइनचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने ते ऐकून समोरच्या वाइनमधून तीच ओळखायची. साध्या, न शिकलेल्या पिणाऱ्यांची मजल अंदाजपंचे उत्तर देण्याच्या फारशी पुढे गेली नाही. मौज अशी की माणसांना एकमेकांशी बोलताना मजा येत होती आणि आपल्याला एकमेकांचं कळतंय असं त्यांना वाटतही होतं. तुमच्या बैठकीतही हेच होत असणार, आणि तिथे ते चालतं, कारण तिथे ग्लास सगळ्यांच्या हातात असतो. ‘हा बघ, आत्ता आला तो वास’ म्हटलं की समोरचा नाक खुपसून बघतो. ऑनलाइन वाचणाऱ्याच्या हातात तो ग्लास नसतो. प्रत्यक्ष तासन्‌तास बोलणारी माणसं तिथे का गप्प होतात, याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मात्र ज्येष्ठांनी यावरून ‘वर्णनं म्हणजे सगळी थापेबाजी’ असा निष्कर्ष काढू नये. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात अॅन नोबल यांनी १९८४ साली वाइनच्या वासांना नावं देणारं चक्र मांडलं, त्यात ‘डौलदार’, ‘भव्य’ असले शब्द मुद्दाम वगळले. ज्याचा नमुना समोर ठेवून वास दाखवता येईल तेवढेच शब्द घेतले. अनेक वासांमागे ठाम रसायनं आहेत. जुन्या रीसलिंग या व्हाइट वाइनमध्ये पेट्रोलसारखा वास येतो तो टीडीएन नावाच्या संयुगाचा. सोव्हिन्यों ब्लांक या दुसऱ्या व्हाइट वाइनमधला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास पायराझीन या संयुगाचा. लोण्याचा वास डायअॅसिटिलचा, आणि व्हॅनिलाचा बहुतेकदा ओकच्या पिंपातून उतरलेला. ही वर्णनं कविता नव्हेत. ती लिहिलीत तर दुसऱ्याला पडताळता येतात. ‘रेशमी संध्याकाळ’ लिहिलंत तर नाही येत.

आता त्या ९२वाल्या गृहस्थांकडे वळते. यांच्यावर थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमच्यासारख्या कित्येक माणसांची पहिली नोंद अशाच कुणामुळे शेवटची ठरते.

त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांचा एक आकडा असताना तुमचा वेगळा आला, म्हणजे दोष तुमच्या जिभेत. इथे तीन गोष्टी त्यांच्या गावी नाहीत. पहिली, नाकं सारखी नसतात. शिराझ या रेड वाइनमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन या संयुगाचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. त्याच कामात आढळलं की चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना हा वास भरपूर प्रमाणात असूनही येतच नव्हता. म्हणजे पाच जण एकच बाटली प्यायले तर त्यांतल्या एकासाठी ती वाइन खरोखरच वेगळी असू शकते. त्याने नोंदीत मिरी लिहिली नाही तर तो चुकला का?

दुसरी, बाटल्याही सारख्या नसतात. बुचातून येणाऱ्या टीसीए या संयुगाचे लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात वाइन बिघडवायला. जास्त असला तर दमट पुठ्ठ्याचा वास येतो आणि कळतं. अगदी थोडा असला तर वास येत नाही, फक्त फळाची चव मावळते आणि वाइन मुकी लागते. असली बाटली वाट्याला आलेला माणूस प्रामाणिकपणे ८५ देतो, आणि त्या बाटलीपुरते ते ८५ बरोबरच असतात.

तिसरी गोष्ट खुद्द त्या ९२ची. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन, त्यांना न सांगता, तीन वेळा चाखायला दिली. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच गुणांशी सुसंगत राहणारे परीक्षक साधारण दहांत एक निघाले. हे सगळे अनुभवी लोक होते बरं का. शंभर गुणांची ही पट्टी अमेरिकी वाइन-समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८पासून आपल्या नियतकालिकातून लोकप्रिय केली, आणि तिच्यातला ९१ आणि ९२ यांच्यामधला फरक जितका नेमका दिसतो तितका जिभेवर नसतो. शिवाय आधीचा आकडा पुढच्याला ओढतो. बातम्यांवरच्या प्रतिक्रियांबाबत २०१३ साली ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग छापून आला होता: काही प्रतिक्रियांना संशोधकांनी अगदी सुरुवातीला एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं, तर त्यांचं अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. त्या बार्बेराखाली पहिल्या दोघातिघांनी ९२ दिले असतील, तर नंतरच्या किती जणांनी ते वाचूनच पहिला घोट घेतला असेल?

फ्रान्समध्ये बोर्दो इथला प्रयोग तर वाइनच्या गप्पांमध्ये इतक्यांदा निघतो की तुम्हीही ऐकला असेल. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली व्हाइट वाइन दिली, आणि त्यांनी तिच्यासाठी रेड वाइनचे शब्द वापरले. लोक हा प्रयोग तज्ज्ञांची खिल्ली उडवायला सांगतात. मला त्यातून एवढंच दिसतं की डोळ्यांना जे आधी कळतं ते नाकाच्या आधी बोलतं. लाल रंगाने जर एवढं होतं, तर ठळक अक्षरात छापलेल्या ९२ने का नाही होणार?

म्हणून, वहीवाली, तुम्ही नोंद काढून टाकलीत त्याबद्दल मला वाईट वाटलं. घाबरलात म्हणून नाही, ते साहजिकच आहे. पण याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात येत नाही. वेगळा आकडा देणारी माणसं एकेक करून नोंदी मागे घेत गेली, तर मागे उरतात ते सगळे ९२वाले. सरासरी आपोआप वर सरकते आणि पुढच्या वेगळ्या माणसाला आणखी एकटं पाडते. एकमताचा तो देखावा त्या गृहस्थांच्या हातभारानेच तयार होतो, आणि मग ते त्याचाच दाखला देतात. तुमचे ८५ हवे होते. त्यांच्या शेऱ्याला उत्तर देण्याची गरज नव्हती. द्यायचंच असतं तर ‘माझ्या बाटलीबद्दल लिहिलंय’ एवढं पुरलं असतं.

आता जे गप्प राहतात त्यांच्या बाजूने अजून थोडं, कारण काही कारणं अगदी रास्त आहेत आणि भाच्याला ती ठाऊक नसावीत. बाटली दुसऱ्याने उघडली असेल तर तिच्याबद्दल जाहीर लिहिणं अवघड असतं. वीस वर्षं जपून ठेवलेली वाइन यजमान प्रेमाने ओततो, ती केव्हाच उतरलेली असते, आणि सगळे ‘वा’ म्हणतात. ते ‘वा’ त्याच्या मनाला असतं. रात्री घरी जाऊन ‘व्हिनेगरकडे झुकलेली’ असं लिहिणारा माणूस मला खरा वाटेल, पण मी त्याला परत बोलावणार नाही. वाइनच्या धंद्यात असलेले लोक प्रतिस्पर्ध्याच्या बाटलीबद्दल लिहायला कचरतात, तेही समजण्यासारखं आहे. काहींना एखादा छोटा उत्पादक सापडलेला असतो आणि तो सगळ्यांना कळला तर उद्या आपल्याला मिळणार नाही अशी धास्ती असते. (हे मात्र आपमतलबीच. भाच्याला एवढे गुण द्यायला हवेत.)

आणि एक कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. रोजच्या नोंदी तारखेसकट उघड झाल्या की किती प्यायलो हेही उघड होतं, इतरांना आणि स्वतःलाही. ज्यांच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी मद्याची चर्चा सोयीची नसते त्यांना तर हे नकोच असतं. हसण्यावारी नेलेलं उत्तर पुष्कळदा याच्यावरचं पांघरूण असतं. त्याखाली डोकावू नका.

मिरवणाऱ्यांबद्दल ज्येष्ठ म्हणतात ते खोटं नाही, अर्धं आहे. दुर्मिळ बाटल्यांच्या नोंदींत बढाईचा भाग असतोच, आणि गंमत म्हणजे त्यांनाच कुणी आव्हान देऊ शकत नाही. ती वाइन प्यायलेले जगात मोजके. रूडी कुर्नियावान याने कित्येक वर्षं नामवंत जुन्या वाइनच्या बनावट बाटल्या अमेरिकेतल्या जाणकारांना विकल्या आणि पाजल्याही. संशय पक्का झाला तो लेबलवरून. २००८ साली न्यूयॉर्कमधल्या एका लिलावात फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या पोन्सो या वाइन करणाऱ्या घराण्याच्या क्लो सँ-देनी नावाच्या वाइनच्या बाटल्या आल्या, त्यांवरची सालं १९४५पासूनची होती. आणि त्या घराण्यातल्या लॉराँ पोन्सो यांना पक्कं माहीत होतं की त्यांच्या घराण्याने ती वाइन १९८२मध्ये करायला घेतली. माल लिलावातून मागे घेतला गेला. कुर्नियावानला २०१३मध्ये दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. जिभेपेक्षा हिशेबाची वही जास्त खात्रीची निघाली, असं या प्रकरणाबद्दल म्हणता येईल. तुमच्यासारख्या वही ठेवणारीला ते आवडावं.

मग लिहायचं कशासाठी? याचं सगळ्यात सरळ उत्तर मला सेलरट्रॅकर या वाइनच्या नोंदींच्या वेबसाइटच्या जन्मात दिसतं. एरिक लेव्हाइन हा मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा माणूस. त्याने २००३ साली स्वतःच्या बाटल्यांचा हिशेब ठेवायला एक प्रणाली तयार केली, मित्रांना दिली आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी खुली केली. आज तिथे लाखो नोंदी आहेत. त्यातल्या बहुतेकांची सुरुवात ‘जगाला सांगतो’ अशी नव्हती. ‘माझ्याकडे काय आहे आणि ते कधी प्यावं’ अशी होती. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एखाद्याकडे एकाच वाइनच्या बारा बाटल्या पडून आहेत. बारोलो या इटालियन रेड वाइनसारखी टॅनिनने (तुरटपणा आणणाऱ्या घटकाने) भरलेली, घाईने उघडली तर तोंड कोरडं करून सोडणारी. तिसऱ्या वर्षी एक उघडून पाहणं म्हणजे एक बाटली वाया घालवणं. पण जगात कुणीतरी गेल्या महिन्यात ती उघडली असेल आणि ‘अजून बंद आहे (म्हणजे वास-चव दबलेली), चार तासांनी थोडी उमलली’ असं लिहिलं असेल, तर त्या एका ओळीने दहा जणांच्या दहा बाटल्या वाचतात. भाचा म्हणतो ती देवाणघेवाण इथे खरी ठरते. विविनो हे अॅप २०१०मध्ये आलं, फोनने लेबलचा फोटो काढला की तारे दिसतात, आणि तिथली गर्दी मोठी आहे. दुकानात उभं राहून निवड करायला ते ठीक. बाटली उघडावी की ठेवावी, हे मात्र तारे सांगत नाहीत.

तेव्हा तुम्ही लिहा असं माझं मत, पण सगळं नको आणि वहीतल्यासारखं नको. हजार जणांनी लिहिलेल्या नामांकित वाइनवर तुमची एक हजार एकावी नोंद कुणी वाचणार नाही. जिथे दोन-तीनच नोंदी आहेत, किंवा ज्या सालाबद्दल अलीकडे कुणी बोललेलं नाही, तिथे लिहा. बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष, लिहा. बाटली कधी उघडली, डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वापरतात त्या भांड्यात) ओतली का, किती वेळ ठेवली, पहिल्या ग्लासात आणि शेवटच्या ग्लासात काय फरक पडला, दुसऱ्या दिवशी उरली असेल तर कशी लागली, हे लिहा. दोषाचा संशय आला तर संशय म्हणूनच लिहा. फळांची यादी दोनतीन नावांवर थांबवा; वीस फळं मोजणाऱ्याने ती सगळी खरोखर हुंगली असतील यावर माझा तरी विश्वास नाही. गुण देणं टाळता आलं तर टाळा, आणि द्यायचेच तर शेजारी कारण द्या.

त्या बार्बेराचंच घ्या. बार्बेरा म्हणजे आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी. नुसते ८५ वाचणाऱ्याला तुमचं कशावरून बिनसलं ते कळत नाही. तेच असं लिहिलं असतं तर: ‘बंद बाटलीतून थेट ग्लासात. आंबटपणा धारदार, फळ मागे पडलेलं, ओकचा वास वरचढ. तासाभराने आंबटपणा बसला पण ओक तसाच. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा बरी. पिंपाचा वास आवडत नसेल त्यांनी थांबावं.’ ज्याला ओक आवडतो तो हे वाचून उलट ती बाटली विकत घेईल, आणि त्याने तुमच्याशी भांडायचं कारणच उरणार नाही.

एक पथ्य मात्र सांभाळा. आधी चाखा, वहीत चार शब्द उतरवा, आणि मगच दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते उघडा. नंतर वाचून तुमचं मत बदललं तर बदललेलं मत खाली वेगळं लिहा, वरचं खोडू नका. गटात कुणी आणलेल्या बाटलीबद्दल टाकायचं असेल तर त्याला विचारा. नाही म्हणाला तर विषय संपला. आणि लिहिणं संध्याकाळच्या पहिल्या दोन वाइनपुरतं ठेवा. पाचवीनंतर सगळ्याच वाइन एकतर अप्रतिम लागतात नाहीतर एकसारख्या.

महिनाभर असं करून बघा. लिहायचं आहे म्हणून तुम्ही चाखताना आधीच वाक्यं जुळवायला लागलात, ग्लास नाकाशी असताना शेऱ्यांचा विचार येऊ लागला, तर खुशाल थांबा. गटातल्या न लिहिणाऱ्या इतरांनी बहुधा हेच करून पाहिलेलं असेल.

राहिला वह्यांचा गठ्ठा. सगळा टंकू नका, भाच्याला फारच हौस असेल तर पानांचे फोटो काढून ठेवायला सांगा. वाइन सांडलेली शाई फिकट होत जाते. चढवायच्या त्या फक्त अशा नोंदी, जिथे एकाच सालची एकच वाइन तुम्ही काही वर्षांच्या अंतराने दोनतीन वेळा उघडली आहे. अशा नोंदी कमी सापडतात, कारण बहुतेक लोक बाटली एकदाच पितात आणि पुढे जातात. त्या चढवताना मूळ तारीख तीच ठेवा, आणि तेव्हा एखादी वाइन नावडली असेल तर आजच्या अनुभवाने ती नोंद सुधारू नका. वाचता न येणारा शब्द आला तर तो गाळा, अंदाजाने भरू नका.